जनुकीय संशोधनात एकत्र काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन प्रयोगशाळांनी एकत्र यायचं ठरवलं की पहिल्या बैठकीत सगळेच उत्साहात असतात. गाडी अडते ती पुढे: नमुने पाठवायची वेळ आली, फाइल मागितली गेली, शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं हा विषय निघाला की. अनेक ठिकाणांहून आलेला जनुकीय डेटा एकत्र जुळवणं हे माझं रोजचं काम आहे. संशोधक विद्यार्थी, डॉक्टर आणि नमुने दिलेली माणसं मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत.

एखाद्या मोठ्या, सगळी यंत्रं असलेल्या प्रयोगशाळेला हे एकटीला का जमत नाही?

यंत्रं विकत मिळतात, पण रुग्ण हवे तेवढे एका जागी मिळत नाहीत. मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार यांच्यात शेकडो जनुकीय बदलांचा हात असतो आणि एकेका बदलाचा वाटा अगदी थोडा असतो. हा थोडासा वाटा खरा आहे, योगायोग नाही, हे दाखवायला हजारो माणसांचे नमुने लागतात. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावर वेगवेगळे गट वर्षानुवर्षं आपापल्या शे-दोनशे रुग्णांवर काम करत होते आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याकडे टिकत नव्हता. 2007 मध्ये सायकियाट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्शियम सुरू झालं आणि गटांनी आपला डेटा एकत्र ओतायला सुरुवात केली. 2014 मध्ये त्यांनी 36,989 रुग्ण आणि 1,13,075 निरोगी व्यक्ती यांची तुलना छापली. जीनोममधल्या, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएमधल्या, 108 जागांचा या आजाराशी संबंध असल्याचं त्यातून दिसलं. त्या निबंधामागच्या कुठल्याही एका गटाला हे स्वतःच्या बळावर करता आलं नसतं.

दुर्मीळ आजारांचं दुखणं वेगळं. तिथे डॉक्टरांसमोर एकच मूल असतं. त्याच्या डीएनएमध्ये एक संशयास्पद बदल सापडतो, पण एकाच मुलावरून काहीच म्हणता येत नाही. त्याच जनुकात बदल असलेलं, तशीच लक्षणं असलेलं दुसरं मूल दुसऱ्या खंडातल्या एखाद्या डॉक्टरच्या कागदपत्रांत असू शकतं. जीनमॅचर नावाची सेवा यासाठीच आहे. तिथे जनुकाचं नाव नोंदवायचं. तेच नाव आणखी कुणी नोंदवलं की दोघांनाही ईमेल जातो. जीनमॅचर आणि तशाच इतर सेवा मॅचमेकर एक्स्चेंज या जाळ्याने जोडलेल्या आहेत. वर्षानुवर्षं निदानाविना फिरलेल्या कुटुंबाला अशा एका ईमेलमुळे आजाराचं नाव मिळतं, तेव्हा इतकी साधी व्यवस्था आधीच का झाली नाही असं वाटून जीव हळहळतो.

गरज इतकी उघड आहे, मग शास्त्रज्ञ हात आखडता का घेतात?

2002 मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या जनुकशास्त्रज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. छापून आलेल्या संशोधनामागचा डेटा किंवा साहित्य सहकाऱ्यांकडे मागणाऱ्यांपैकी 47 टक्के लोकांना आधीच्या तीन वर्षांत निदान एकदा तरी नकार मिळाला होता. 28 टक्क्यांनी सांगितलं की त्यामुळे छापील निष्कर्ष पडताळून पाहता आला नाही.

नकार देणारे सगळे स्वार्थी होते असं मी मानत नाही. नमुने शोधून, बर्फात बांधून पाठवायला माणूस लागतो, वेळ लागतो आणि त्या कामाची नोंद कुठेच होत नाही. हाताखालच्या विद्यार्थ्याची पीएचडी त्याच डेटावर उभी असते. नोकरी आणि अनुदान ठरतं ते निबंधांच्या संख्येवर, दुसऱ्याला केलेल्या मदतीवर नाही. अशा व्यवस्थेत देणाऱ्याचं नुकसान होतं आणि अडवून ठेवणाऱ्याचं काही बिघडत नाही. म्हणून ‘मन मोठं करा’ असं सांगून फरक पडत नाही. देणाऱ्याचं नुकसान होणार नाही असे नियम आधी करावे लागतात.

आधी डेटा खुला केला तर दुसराच कुणी निबंध छापून मोकळा होईल, ही भीती खरी आहे का?

खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्यावर उपाय मात्र निघाले आहेत.

माणसाचा संपूर्ण डीएनए वाचणाऱ्या मानवी जीनोम प्रकल्पाच्या वेळी हा प्रश्न ऐन भरात होता. फेब्रुवारी 1996 मध्ये बर्म्युडा बेटावर प्रकल्पातले गट जमले. जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट वॉटरस्टन या शास्त्रज्ञांनी धरून ठेवलेला मुद्दा तिथे मान्य झाला: डीएनएच्या एक हजार अक्षरांपेक्षा लांब जुळवलेला प्रत्येक तुकडा 24 तासांच्या आत सगळ्यांसाठी खुला करायचा. हे दोघे आधीपासून सी. एलेगन्स या इवल्याशा कृमीच्या जीनोमवर असंच खुलं काम करत होते, त्यामुळे त्यांचा शब्द पोकळ नव्हता.

पण 24 तासांत सगळं देऊन टाकणाऱ्याच्या श्रमाचं काय? 2003 मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेल इथल्या बैठकीत त्याचं उत्तर निघालं. डेटा तयार करणाऱ्याने तो लगेच खुला करायचा. वापरणाऱ्याने त्याचा उल्लेख करायचा आणि संपूर्ण डेटाचं पहिलं विश्लेषण छापायची संधी तो तयार करणाऱ्याला द्यायची. पैसे देणाऱ्या संस्थांनी या दोघांना सांभाळायचं. 2009 मध्ये टोरांटोला हा विचार जीनोमपलीकडच्या डेटालाही लावला गेला. आज अनेक प्रकल्पांत डेटा ठरावीक तारखेपर्यंत ‘पाहा, वापरा, पण या विषयावर आमच्याआधी छापू नका’ अशा अटीवर मिळतो. ती तारीख कागदावर असली की भीती निम्मी होते.

निबंधावर कुणाचं नाव कुठे, हे कसं ठरवायचं?

काम सुरू होण्याआधी ठरवायचं. मैत्री तुटताना मी जेवढ्या वेळा पाहिली आहे, तेवढ्या वेळा मुळाशी हाच न बोललेला विषय होता.

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. 1983 मध्ये त्याला कारण ठरणाऱ्या जनुकाचा ठावठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर लागला. संशोधक नॅन्सी वेक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांकडून घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांचा त्यात मोठा वाटा होता. ठिकाण कळलं तरी नेमकं जनुक हाती यायला आणखी दहा वर्षं गेली. सहा गट, 58 शास्त्रज्ञ, आणि जनुक आधी सापडलं तर मोठं नाव होणार हे प्रत्येकाला ठाऊक. तरीही 1993 मध्ये निबंध आला तेव्हा लेखकाच्या जागी कुणा एकाचं नाव नव्हतं. ‘हंटिंग्टन्स डिसीज कोलॅबरेटिव्ह रिसर्च ग्रुप’ असं गटाचं नाव होतं आणि माणसांची नावं गटवार दिली होती.

असं सगळ्यांना जमणार नाही, विशेषतः ज्यांची नोकरी अजून पक्की नाही त्यांना. त्यांच्यासाठी क्रेडिट नावाची 14 भूमिकांची यादी उपयोगी पडते. कल्पना कुणाची, नमुने कुणी गोळा केले, सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, डेटा कुणी सांभाळला, हे निबंधाच्या शेवटी स्पष्ट छापलं जातं. लेखकांच्या यादीत पंचेचाळिसाव्या क्रमांकावर असलेल्या मुलीने सगळं विश्लेषण केलं होतं, हे निवड समितीला त्यातून दिसतं. समितीने तिथवर वाचायला मात्र हवं.

मित्रांमध्ये लेखी करार करणं अविश्वासाचं वाटत नाही का?

वाटतं, म्हणूनच तो करायला कुणी पुढे होत नाही. पण दोन पानं पुरतात. कोण काय देणार, कधीपर्यंत देणार, कशासाठी वापरायचं, तिसऱ्या कुणाला द्यायचं झालं तर कुणाला विचारायचं, निबंधाचा पहिला मसुदा कोण लिहिणार, आणि कुणी मध्येच बाहेर पडलं तर त्याच्या डेटाचं काय. शेवटचं कलम लोक हमखास विसरतात. प्रमुख माणूस नोकरी बदलतो, नवा येतो, त्याला जुनं बोलणं ठाऊक नसतं आणि मग जुनी ईमेल उकरत बसावं लागतं.

नमुना पाठवायला महिनोन्‌महिने का लागतात?

नमुना दोन दिवसांत पोचतो; वेळ जातो तो कागदात. दोन्ही संस्थांचे कायदा विभाग साहित्य हस्तांतरणाच्या कराराचा प्रत्येक शब्द तपासतात आणि पुढे यातून काही कमाई झालीच तर आपला हक्क राहावा म्हणून अटी घालत जातात. यावर तोड म्हणून 1995 मध्ये अमेरिकेत सगळ्यांसाठी एकच साचेबद्ध करार तयार झाला. संस्थेने तो एकदा मान्य केला की प्रत्येक वेळी नव्याने घासाघीस करावी लागत नाही. 2004 मध्ये सुरू झालेली अ‍ॅडजीन ही ना-नफा संस्था त्याच्याही पुढे गेली. शास्त्रज्ञ आपला प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, तिथे एकदा जमा करतो. मग मागणाऱ्यांना तो संस्थाच पाठवते. आपण दरवेळी फ्रीझर उघडायची गरज उरत नाही.

या क्षेत्राची जुनी रीत खरं तर फार उदार होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतले लोक फळमाश्यांचे वाण मागेल त्याला पाठवत. 1934 पासून तर माश्या अभ्यासणाऱ्यांचं स्वतःचं वार्तापत्र निघू लागलं. कुणाकडे कोणता वाण आहे, कोणती युक्ती चालली, हे छापून येण्याआधीच त्यात सगळ्यांना कळायचं.

डेटा मिळाला, पण जुळत नाही. दोष कुणाचा?

बहुतेक वेळा कुणाचाच नाही, आणि म्हणूनच तो सापडत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

सिकलसेल आजाराला कारण ठरणारा बदल घ्या. डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं. सगळे ज्याच्याशी ताडून पाहतात त्या संदर्भ जीनोमच्या जुन्या आवृत्तीत, जीआरसीएच 37 मध्ये, त्याचा पत्ता अकराव्या गुणसूत्रावर 52,48,232 हा आहे. नव्या आवृत्तीत, जीआरसीएच 38 मध्ये, तोच बदल 52,27,002 वर आहे. म्हणजे एका गटाने जुनी आवृत्ती वापरली आणि दुसऱ्याने नवी, तर एकाच बदलाचे पत्ते एकवीस हजार घरं लांब पडतात. त्यात काही फाइल-प्रकार मोजणी शून्यापासून करतात आणि काही एकापासून. तिथे आणखी एका घराची चूक.

आता अक्षर पाहा. हे जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर वाचलं जातं. त्यामुळे जनुकाच्या बाजूने पाहणारा लिहितो ‘ए चा टी झाला’ आणि संदर्भ धाग्याच्या बाजूने पाहणारा लिहितो ‘टी चा ए झाला’. दोघंही बरोबर. पण ए आणि टी ही जोडीची अक्षरं असल्याने दोन्ही फाइलींमध्ये दिसतात तीच दोन अक्षरं, संगणक काही तक्रार करत नाही आणि निरोगी रूप व आजाराचं रूप यांची आकडेवारी मुकाट्याने उलटीपालटी होते. प्रथिनाच्या भाषेत यालाच जुने डॉक्टर सहाव्या जागेवरचा बदल म्हणतात आणि नव्या पद्धतीने तो सातवा ठरतो, कारण सुरुवातीचं अमिनो आम्ल धरायचं की नाही हा संकेत बदलला.

आणखी एक दुखणं एक्सेलचं. सेप्ट-2 किंवा मार्च-1 अशा जनुकांची इंग्रजी नावं चौकटीत टाकली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकतं. 2016 च्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात अशा चुका आढळल्या. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली: मार्च-1 चं मार्चएफ-1 झालं, सेप्ट-2 चं सेप्टिन-2. 2020 च्या तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत याचा उल्लेख आहे.

म्हणून डेटा पाठवताना सोबत एक साधी मजकूर-फाइल ठेवाच: संदर्भ आवृत्ती कोणती, कोणता धागा, मोजणी कुठून, प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’ की ‘तपासलं नाही’. सगळा डेटा पाठवण्याआधी दहा ओळींचा तुकडा पाठवून दोघांनी फोनवर तो मिळून वाचावा. अर्धा तास लागतो.

डीएनएतून माणूस ओळखता येतो. मग डेटा वाटायचा तरी कसा?

2008 मध्ये दाखवून देण्यात आलं की शेकडो लोकांची एकत्रित आकडेवारी जरी जाहीर केली, तरी एखाद्या व्यक्तीचा डीएनए हाताशी असल्यास ती व्यक्ती त्या गटात होती का हे सांगता येतं. त्यानंतर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने असे तक्ते खुल्या संकेतस्थळावरून काढून घेतले. 2013 मध्ये बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या खुणा आणि वंशावळीची खुली संकेतस्थळं जुळवून, नाव झाकलेल्या जीनोममागची आडनावं शोधता आली.

तेव्हा ‘नाव खोडलं, काम झालं’ हे खरं नाही. वाट मधली आहे. ज्यातून कुणाला धोका नाही ते सर्वांना खुलं, आणि व्यक्तिनिहाय डेटा फक्त अर्ज करणाऱ्या, जबाबदारी लिहून देणाऱ्या संशोधकाला. अर्जावर निर्णय घेणारी समिती वेळेवर भरली पाहिजे, नाहीतर सुरक्षिततेच्या नावाखाली कुलूपच उरतं.

देशादेशांचे कायदे वेगळे असतील तर?

मग डेटा जागेवर ठेवून प्रश्न त्याच्याकडे न्यायचा. युरोपीय संघात मे 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा जनुकीय माहितीला खास संरक्षण देतो. इतरही अनेक देश ती सीमेबाहेर जाऊ देताना अटी घालतात. अशा वेळी प्रत्येक गट तोच संगणकीय आदेश आपल्या डेटावर आपल्याकडेच चालवतो आणि फक्त बेरजेचे निकाल पाठवतो. निकाल नंतर एकत्र करतात. 2013 मध्ये उभी राहिलेली ग्लोबल अलायन्स फॉर जीनोमिक्स अँड हेल्थ ही संघटना यासाठी लागणारे समान संकेत बनवते. कायदा समजून घ्यायला वकील पहिल्या दिवसापासून सोबत घ्या; वर्षभराने घेतलेला वकील फक्त ‘नाही’ म्हणू शकतो.

जुने नमुने नव्या कामासाठी वापरले तर कुणाचं काय बिघडतं?

विश्वास बिघडतो, आणि तो परत बसत नाही. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी 1990 पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया, रक्तसंबंधातली लग्नं आणि त्यांच्या पूर्वजांचं स्थलांतर यांवर वापरले गेले. हे कळल्यावर लोक न्यायालयात गेले. 2010 मध्ये सात लाख डॉलरची भरपाई आणि उरलेलं रक्त परत, अशी तडजोड झाली. रक्त परत घेताना त्या माणसांना काय वाटलं असेल, याचा विचार संमतीपत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने करावा.

संमतीपत्रात इतर गटांशी वाटणी, पुढचे उपयोग आणि माघार हे तीनही मुद्दे साध्या भाषेत हवेत. आणि डेटासोबत संमतीच्या मर्यादाही प्रवास करायला हव्यात. फाइल पोचली आणि ‘फक्त मधुमेहासाठी’ ही अट मागेच राहिली, असं व्हायला नको.

पेटंटमुळे काम थांबतं का?

कधीकधी थांबलेलं आहे. स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकांवर एका कंपनीची पेटंटं होती. जून 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की निसर्गात असलेल्या डीएनएवर, तो नुसता वेगळा काढला म्हणून, पेटंट मिळणार नाही. प्रयोगशाळेत आरएनएवरून तयार केलेल्या डीएनएवर, म्हणजे सीडीएनएवर, मात्र मिळू शकतं. त्या कंपनीच्या चाचण्यांमधून जमलेला, कोणता बदल घातक आणि कोणता निरुपद्रवी हा साठा मात्र निकालानेही खुला झाला नाही. क्लिनव्हार या खुल्या नोंदवहीत जगभरच्या प्रयोगशाळा आपापले अर्थ नोंदवतात, ते यासाठी महत्त्वाचं आहे. दोन प्रयोगशाळांचं मत वेगळं असेल तर तेही तिथे दिसतं.

श्रीमंत प्रयोगशाळा येतात, नमुने नेतात आणि निबंधात आमचं नाव आभारापुरतं असतं. यावर काय करावं?

नमुना देण्याआधी बोलावं. नंतर हातात काहीच राहत नाही. विश्लेषण कोण शिकणार, यंत्र कुठे राहणार, उरलेला नमुना कुणाच्या ताब्यात, हे विचारावं. 2010 मध्ये जाहीर झालेल्या एचथ्रीआफ्रिका या आफ्रिकेतल्या जनुकीय संशोधनाच्या उपक्रमात अनुदान थेट आफ्रिकेतल्या संशोधकांना मिळालं आणि नमुने साठवणारी केंद्रं युगांडा, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका इथे उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली प्रक्रिया. येणाऱ्याने ती वाचून यावं. मला ही अपेक्षा अगदी रास्त वाटते.

मी पीएचडीचा विद्यार्थी आहे. माझ्या हातात काय आहे?

वाटतं त्याहून जास्त. आपला संगणकीय आदेश दुसऱ्याला चालवता येईल असा लिहा. नमुन्यांच्या डब्यांवर मार्करने लिहिलेलं थंडीत पुसलं जातं, तेव्हा संकेतांक छापून लावा आणि त्याची यादी दोन ठिकाणी ठेवा. डेटा सार्वजनिक कोठारात जमा करून त्याचा क्रमांक स्वतःच्या बायोडेटात लिहा. आणि गाइडना पहिल्याच महिन्यात विचारा: यातलं माझं काय आणि सगळ्यांचं काय? अवघड वाटतं, पण तिसऱ्या वर्षी विचारणं त्याहून अवघड असतं.

मी नमुना दिला आहे. माझ्या डेटाचं काय झालं, हे मी विचारू शकतो का?

जरूर विचारा. संमतीपत्राची प्रत मागून घ्या. त्यावर संपर्काचा पत्ता असायला हवा. नमुना कुठे आहे, डेटा कुणाकुणाला दिला, त्यातून काय निघालं, हे विचारता येतं. माघारही घेता येते. मग उरलेला नमुना नष्ट करता येतो आणि पुढच्या अभ्यासांतून डेटा वगळता येतो. छापून झालेल्या बेरजेतून मात्र तुमचा आकडा बाहेर काढता येत नाही, आणि हे सही घेण्याआधीच तुम्हाला सांगितलेलं असायला हवं.